स्नीकर खरा की फर्स्ट कॉपी? आतून बघा

गोव्यात म्हापशाला माझं बूट दुरुस्तीचं आणि सफाईचं दुकान आहे. वडील बाजाराच्या कडेला बसून चपला शिवायचे. त्यांच्याकडून आरी आणि सुरी माझ्याकडे आली. आता चपला कमी आणि स्नीकर जास्त येतात. सोल चिकटवायला, टाचेचं अस्तर बदलायला, पांढरा रबर साफ करायला म्हणून बूट येतो आणि निघताना गिऱ्हाईक हळूच विचारतं, "ताई, हा ओरिजिनल आहे ना?" बहुतेकदा तो कॉलेजचा मुलगा किंवा नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी असते. चार-पाच हजार रुपये आधीच देऊन झालेले असतात. हा प्रश्न पैसे देण्याआधी विचारला जावा म्हणून हे सगळं लिहिते आहे.

माझं काम बूट उघडण्याचं असल्यामुळे एक गोष्ट पक्की कळली आहे. नक्कल करणारा पैसा घालतो तो गिऱ्हाइकाची नजर जिथे पडते तिथे: लोगो, रंग, खोका, लेबलाचा कागद. नजर पोचत नाही तिथे तो वाचवतो: इनसोलच्या (पाय टेकतो त्या आतल्या गादीच्या) खाली, टाचेच्या आत, फोममध्ये, सोल्युशन म्हणजे चिकटवायचा गोंद लावण्यात, शिलाईच्या शेवटच्या टाक्यात. म्हणून बाहेरून सुरुवात करा, पण निकाल द्यायचा तो आत पाहून. आणि लेबलच चुकलेलं असेल ती गोष्ट वेगळी, एरवी एका खुणेवर निकाल देऊ नका. तीन-चार खुणा एकाच बाजूला बोट दाखवायला लागल्या की मगच बोला.

विकणाऱ्याचे शब्द

बूट हातात घेण्याआधी विकणाऱ्याचे शब्द ऐका. "फर्स्ट कॉपी", "सेव्हन ए", "मास्टर क्वालिटी", "मिरर" या सगळ्यांचा अर्थ एकच, नक्कल. त्यातल्या त्यात हा माणूस तुम्हाला खरं सांगतो आहे. घात करतात ते दुसरे शब्द. "एक्स्पोर्ट सरप्लस आहे", "त्याच कारखान्यातला आहे, फक्त बिल नाही", "कस्टममधून सुटलेला माल आहे". बहुतेक मोठ्या कंपन्या स्वतः बूट बनवत नाहीत, कंत्राटी कारखान्यांकडून बनवून घेतात, हे खरं आहे आणि या कथेला जोर येतो तो त्यामुळेच. चीनच्या फुजियान प्रांतातलं पुतियान हे शहर याच वाटेने गेलं. तिथे १९८० च्या दशकापासून परदेशी ब्रँडचे बूट बनू लागले, हात तयार झाले, आणि पुढे तेच शहर नकली स्नीकरांचं जगातलं सर्वांत नावाजलेलं केंद्र झालं. पण तिथली नक्कल ब्रँडच्या कारखान्यातून उरलेला माल नसते. वेगळ्या जागी, वेगळ्या साच्यावर, वेगळ्या कच्च्या मालातून ती केलेली असते. कंत्राटी कारखान्याला जोड्या मोजून द्याव्या लागतात. प्रत्येक मापात, प्रत्येक रंगात, वर्षभर मिळणारा "सरप्लस" असा कुठे उरत नाही.

गोव्यात आणखी एक समजूत घरोघरी आहे: गल्फातून आणला म्हणजे खरा. कुणाचा मामा दुबईला, कुणाचा भाऊ बोटीवर. सुट्टीला येताना बूट येतातच. दुबईच्या मोठ्या मॉलमधून बिलासकट आलेली जोडी खरीच असणार. पण त्याच दुबईतला करामा हा भाग नकली पर्स, घड्याळं आणि बुटांसाठी प्रसिद्ध आहे. तेव्हा मामांना देश विचारू नका, दुकान विचारा. मनात काही न आणता बिलाचा फोटो मागा. मामांनाही बहुधा ठाऊक नसतं, त्यांनी प्रेमाने आणलेला असतो.

लेबल वाचायला शिका

बुटाच्या जिभेच्या मागे किंवा आतल्या कडेला छोटं लेबल असतं. ते वाचणं दहा मिनिटांत जमतं आणि स्वस्त नकला निम्म्याहून अधिक तिथेच पडतात.

नायकेच्या लेबलावर मापांच्या खाली एक कोड असतो: सहा अक्षर-अंक, मग आडवी रेघ, मग तीन अंक. उदाहरणार्थ, सगळ्या कॉलेजांत दिसणारा काळा-पांढरा डंक लो, ज्याला पोरं पांडा म्हणतात, त्याचा पुरुषांच्या मापाचा कोड डीडी१३९१-१००. पांढऱ्याशुभ्र एअर फोर्स वनचा सीडब्ल्यू२२८८-१११. पहिला भाग मॉडेलचा, रेघेनंतरचे तीन अंक रंगाचे. या तिघांतला पहिला अंक मुख्य रंगाचं कुळ सांगतो: ० म्हणजे काळा-करडा, १ पांढरा, २ तपकिरी, ३ हिरवा, ४ निळा, ५ जांभळा, ६ लाल, ७ पिवळा, ८ नारिंगी, ९ अनेक रंग. हे एकदा लक्षात राहिलं की काळ्याभोर बुटाच्या लेबलावर रेघेनंतर १११ दिसताच थांबता येतं. नकली कारखाना एकाच कोडची लेबलं छापून दहा रंगांच्या बुटांना लावतो, कारण बाजारात लेबल वाचतो कोण?

पूर्ण कोड गूगलवर टाका आणि चित्रं बघा. दुसराच बूट आला किंवा रंग जुळला नाही, तर पुढे काही तपासायची गरज नाही. मग हाच कोड खोक्यावरच्या लेबलाशी ताडून पाहा. मापही ताडा. कोड बरोबर आला तर मात्र हुरळून जाऊ नका. बरोबर कोड छापायला काही पैसे पडत नाहीत, चांगल्या नकलीवर तो बरोबरच असतो. चुकीचा कोड नक्कल सिद्ध करतो. बरोबर कोड काहीच सिद्ध करत नाही.

मापांची ओळ ही माझी आवडती जागा, कारण नकली लेबल बनवणारे तिथे घाई करतात. नायकेत पुरुषांचा यूके ८ म्हणजे यूएस ९, युरोप ४२.५ आणि २७ सेंटिमीटर. आदिदासमध्ये यूके ८ म्हणजे यूएस ८½ आणि युरोप ४२. दोन कंपन्यांचे तक्ते वेगळे आहेत. आदिदासच्या बुटावर नायकेचा तक्ता छापलेला मी पाहिला आहे. कंपनीच्या संकेतस्थळावर तक्ता उघडा आणि चारही आकडे जुळतात का बघा.

तारखा. नायकेच्या बऱ्याच लेबलांवर ती जोडी कोणत्या काळात बनली ते छापलेलं असतं. ती तारीख मॉडेलच्या वयाशी जुळली पाहिजे. पांडा डंक पहिल्यांदा २०२१ मध्ये बाजारात आला. त्याच्या लेबलावर २०१८ असेल तर प्रश्नच मिटला.

आदिदासच्या लेबलावर सहा अक्षरांचा आर्टिकल नंबर असतो. पांढरा सांबा ओजी म्हणजे बी७५८०६, काळा म्हणजे बी७५८०७. त्याशिवाय प्रत्येक बुटाचा स्वतःचा लांब क्रमांक असतो, आणि डाव्या-उजव्या बुटाचा तो क्रमांक वेगळा असतो. दोन्ही बुटांवर अगदी तोच क्रमांक असेल तर एकच लेबल दोनदा छापलं आहे. ही तपासणी दुकानात उभ्या उभ्या होते, फक्त दोन्ही बुटांच्या जिभा उलटा.

लेबलावर "मेड इन इंडिया" दिसलं म्हणून घाबरू नका. नायकेचे बूट तमिळनाडूत चेय्यारच्या बाजूला बनतात, आदिदासचे आंध्रात बनतात. व्हिएतनाम, इंडोनेशिया, चीन, भारत हे सगळे देश खऱ्या लेबलांवर सापडतात. देशावरून निकाल देता येईल अशी एक जागा आहे, ती म्हणजे न्यू बॅलन्स कंपनीच्या ९९० या मॉडेलच्या ज्या जोड्या "मेड इन यूएसए" म्हणून विकल्या जातात त्या. तिथे जिभेवर अमेरिका आणि आतल्या लेबलावर दुसराच देश असेल तर गडबड आहे. पण त्याच कंपनीचं ५७४ किंवा ५५० हे मॉडेल आशियात बनलेलं असणं अगदी नेहमीचं.

खोक्यावर थोडक्यात. भारतात रीतसर विकायला आलेल्या खोक्यावर एमआरपी, आयात करणाऱ्याचं किंवा बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि ग्राहक सेवेचा क्रमांक असलेलं स्टिकर असावंच लागतं. पादत्राणांच्या दर्जासाठी सरकारचा आदेशही आहे आणि त्यातली सुधारित मानकं १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाली. त्यानंतरच्या मालावर आयएसआय चिन्ह दिसलं तर त्याखालचा परवाना क्रमांक बीआयएस (भारतीय मानक ब्यूरो) केअर अ‍ॅपमध्ये टाका, परवाना कुणाचा ते समोर येतं. परदेशातून स्वतःसाठी आणलेल्या जोडीवर यातलं काही नसणार, तो दोष नव्हे. आणि खोका खरा म्हणून आतला बूट खरा असं कधीच धरू नका. रिकामे खरे खोके विकत मिळतात.

हातात घेऊन

आता बाहेरचं रूप. इथे ताडून पाहायला खरी जोडी डोळ्यासमोर हवी. पणजीला किंवा म्हापशाला कंपनीच्या दुकानात जा, तेच मॉडेल मागा, हातात घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा. कुणी अडवत नाही. आठवणीवर विसंबू नका, डोळा फसतो.

एअर फोर्स वनमध्ये मी आधी पुढच्या टोकावरची भोकं बघते. खऱ्यात ती आरपार, गोल, कडा स्वच्छ. स्वस्त नकलीत काही भोकं नुसती दाबलेली, काही अर्धी, आणि दोन्ही बुटांवरच्या रांगा एकमेकींशी जुळत नाहीत. मग टाचेवरची अक्षरं: भरतकाम दाट हवं, अक्षरा-अक्षरामध्ये धागा ओढत नेलेला नसावा. तळाला गोल गोल वळणांचा वर्तुळाकार भाग असतो, कारण १९८२ मध्ये हा बूट बास्केटबॉलसाठी बनवला गेला आणि त्या वर्तुळावर खेळाडू गिरकी घ्यायचा. नकलीत त्या वळणांच्या कडा बोथट असतात. साचा खऱ्या बुटावरून उचललेला असतो आणि प्रत्येक उचलीत धार जाते.

नायकेचाच एअर जॉर्डन वन हाय मागून बघा. टाचेचा आकार वर रुंद, मध्ये आत ओढलेला, खाली पुन्हा रुंद असतो. नकलीत तो सरळ खांबासारखा उतरतो. घोट्यावरचं पंखांचं चिन्ह चामड्यात दाबलेलं असतं, त्यावरून अंगठा फिरवा. अक्षरांच्या कडा बोटाला लागल्या पाहिजेत. नुसता रंग लागत असेल तर छपाई आहे.

सांबा सध्या इतका चालतो की नकलाही तितक्याच. त्याच्या टोकावर इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा स्वेडचा, म्हणजे लव असलेल्या चामड्याचा, तुकडा असतो. त्या स्वेडवर बोट फिरवा, लव एका दिशेला झोपते आणि रंग गडद-फिका होतो. तसं झालं नाही तर ते स्वेड नाही, रंगवलेलं रेक्झिन आहे. तीन पट्ट्यांच्या कडा दातेरी कापलेल्या असतात. दातांचं माप एकसारखं हवं, आणि तीनही पट्टे सोलच्या रेषेपर्यंत नीट उतरलेले हवेत.

शिलाईबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लोक म्हणतात, खऱ्याची शिलाई निर्दोष असते. तसं नाही. खऱ्या जोडीवरही कुठे धागा सुटलेला असतो, कुठे सोल्युशनचा डाग असतो. डंकसारख्या भराभर निघणाऱ्या मॉडेलमध्ये तर असतोच. मी एखादा वाकडा टाका बघत नाही, टाक्यांची लय बघते. पट्टी लावून एका इंचात किती टाके ते मोजा, डाव्या बुटावर आणि उजव्या बुटावर, त्याच जागी. खऱ्यात मोजणी जवळपास तीच येते, कारण दोन्ही त्याच मापावर लावलेल्या मशीनखालून गेले आहेत. नकलीत सरळ रेषेवर टाके बारीक आणि वळणावर अचानक लांब होतात. वळणावर वेळ जातो आणि तिथे वेळ वाचवलेला असतो. वडील चप्पल हातात घेतली की आधी वळण बघायचे. बुटातही तेच लागू पडतं.

आत

इनसोल बाहेर काढा. चिकटवलेला असेल तर कोपऱ्यातून हळू उचला, दुकानात विचारून उचला. मला विचाराल तर सगळी तपासणी एका बाजूला आणि ही एका बाजूला.

आजच्या बहुतेक स्नीकरांत बुटाचं वरचं अंग खाली एका कापडी तळाला गोलाकार शिवलेलं असतं. या पद्धतीला स्ट्रोबेल म्हणतात. इनसोल काढला की ती शिलाई दिसते. खऱ्यात ती कडेकडेने एकसारखी फिरते, कापड ताणलेलं असतं, टोकापाशी सुरकुत्या नसतात. नकलीत मला तीन गोष्टी सापडतात. शिलाई टोकाजवळ वाकते आणि दोरे लोंबतात. कापडाऐवजी पुठ्ठ्यासारखा जाड कागद असतो. किंवा सोल्युशन इतकं ओतलेलं असतं की पिवळ्या खवल्या हाताला लागतात. हा पुठ्ठा आमच्या हवेत पहिल्या जून-जुलैत फुगतो आणि बूट आतून आकार सोडतो. "ताई, बूट अचानक घट्ट झाला" म्हणून येणाऱ्या जोडीत बहुधा तेच असतं.

काढलेला इनसोल उलटा करून पाहा. खऱ्याच्या फोमला जीव असतो: अंगठ्याने दाबला की खळगा पडतो आणि सोडल्यावर लगेच भरून येतो. स्वस्त नकलीत तो पातळ स्पंजाचा तुकडा असतो, खळगा तसाच राहतो.

मग हात आत घालून टाचेच्या जागी अंगठा जोरात दाबा. एअर फोर्स वनच्या टाचेत, रबराच्या कवचाच्या आत फोम आणि त्या फोममध्ये हवेची पिशवी असते. ती बाहेरून दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच नक्कल करणारा ती वाचवतो. सोल बदलायला आलेल्या नकलीत कवच उघडलं की आत हवा नाही, पिशवी नाही, नुसत्या रबराच्या आडव्या-उभ्या भिंती आणि वर फोमची चकती. बाहेर मात्र "एअर" ही अक्षरं स्वच्छ कोरलेली. तुम्हाला बूट कापायचा नाही, पण अंगठ्याला कळतं. खऱ्यात दाब हळूहळू जातो आणि परत येतो, नकलीत एकदम कडक तळ लागतो. महाग नकलीत आता पिशवीही घालतात, म्हणून हे एकटं पुरेसं नाही.

आदिदासचा बूस्ट सोल ओळखणं त्यामानाने सोपं. तो बीएएसएफ या जर्मन रसायन कंपनीबरोबर विकसित केलेला आणि २०१३ मध्ये आलेला. प्लॅस्टिकचे छोटे फुगवलेले दाणे वाफेने एकमेकांना चिकटवून तो बनतो. जवळून पाहिलं तर प्रत्येक दाण्याची कड वेगळी दिसते आणि कुठलेही दोन दाणे सारखे नसतात. नकलीत दाण्यांची नक्षी साच्यात कोरलेली असते, त्यामुळे तीच नक्षी थोड्या अंतरावर पुन्हा येते, आणि अंगठ्याला सोल कडक लागतो.

अतिनील (यूव्ही) टॉर्चचा उल्लेख आता सगळीकडे ऐकू येतो. शंभर-दोनशे रुपयांची टॉर्च अंधारात बुटावर मारा. चामड्याचे तुकडे कुठे जोडायचे याच्या खुणा नकली कारखान्यात कधी कधी अशा शाईने करतात जी उजेडात दिसत नाही आणि या टॉर्चखाली चमकते. लोगोच्या कडेने अशी रेघ दिसली तर संशय घ्या. पण नुसता सोल्युशनचा चमकणारा डाग खऱ्या बुटावरही सापडतो, त्यावरून कुणाला चोर ठरवू नका.

वासावर माझा विश्वास नाही. नव्या खऱ्या बुटालाही सोल्युशनचा वास येतो, आणि आपल्याकडे पावसात कपाटात राहिलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच वास येतो. वजनाचा उपयोग मात्र होतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर डावा-उजवा वेगळे मोजा. मोठा फरक असेल तर आत काहीतरी वेगवेगळं भरलं आहे.

आमच्या हवेत खरा बूटही तुटतो

हे मला सगळ्यांत कळकळीने सांगायचं आहे, कारण यात खरे बूट कचऱ्यात गेलेले मी पाहिले आहेत आणि निर्दोष दुकानदारांशी भांडणं झालेली पाहिली आहेत. चार-पाच वर्षं खोक्यात जपून ठेवलेला महागडा जॉर्डन फोर लग्नासाठी बाहेर काढला, दहा पावलं चालला आणि सोल चुऱ्यासारखा गळून पडला. घरचे म्हणाले, नकली होता. नव्हता.

जॉर्डन थ्री, फोर, एअर मॅक्स वन अशा बुटांचा मधला सोल पॉलियुरेथेनचा असतो. हा फोम मऊ आणि टिकाऊ, पण हवेतली वाफ तो पीत राहतो आणि पाण्याने त्याच्या आतल्या साखळ्या हळूहळू तुटतात. हैदराबादला दहा वर्षं निघतील, गोव्यात तितकी निघत नाहीत, कारण आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीलाही पाणी सुटतं. बंद खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेला बूट तर लवकर जातो. घालून चालल्यावर फोम दाबला जातो आणि आतली ओल बाहेर पडते, म्हणून जपून ठेवलेल्या बुटापेक्षा वापरातला जास्त जगतो. उलट स्वस्त नकलीत मधला सोल बहुधा ईव्हीए नावाच्या फोमचा असतो. त्याला पाण्याने असं काही होत नाही, तो दाबून बसतो आणि कडक होतो, पण चुरा होत नाही. म्हणजे जुना बूट चुरा झाला हे नकलीचं लक्षण नाहीच. चुऱ्यात बोट घाला: ओलसर, चिकट, मातीसारखा सुटणारा फोम असेल तर ते पॉलियुरेथेन, आणि ते झालं हवेमुळे.

जपायचं असेल तर बूट खोक्यातून काढून जाळीच्या रॅकवर ठेवा, आत वर्तमानपत्राचा बोळा घालून तो पावसाळ्यात दर आठवड्याला बदला, आणि महिन्यातून दोनदा तरी घालून चाला. पारदर्शक सोल पिवळा पडणं हेही वयाचं लक्षण, नकलीचं नाही.

याच कारणाने जुनी जोडी विकत घेताना, खरी असली तरी, सोल वाकवून पाहा. मोरजी-हरमलला हंगाम संपताना परदेशी लोक आपले वापरलेले बूट विकून जातात, त्यात अस्सल माल मिळतो. तिथे मी सांगते, लोगो नंतर बघा, आधी मधल्या सोलवर नख दाबा. नखाचा व्रण राहिला, किंवा कडेला केसासारख्या भेगा दिसल्या, तर तो बूट जास्त दिवस चालणार नाही.

वापरलेल्या जोडीचा एक मोठा फायदा आहे. झिजलेला बूट आतलं दाखवतो. टाचेचं अस्तर फाटलं असेल तर त्यामागचा फोम दिसतो, चामड्याला घडी पडली असेल तर वरचा रंग किती जाड आणि खाली काय आहे ते दिसतं. स्वस्त रेक्झिनच्या घडीत रंगाचे पापुद्रे निघतात आणि खाली विणलेलं कापड दिसतं. स्टॅन स्मिथच्या बाबतीत मात्र सावध राहा. २०२१ च्या सुमारास आदिदासने तो चामड्याऐवजी पुनर्वापराच्या कृत्रिम साहित्यात बनवायला घेतला, त्यामुळे नवा स्टॅन स्मिथ चामड्याचा नाही म्हणून नकली ठरत नाही.

पैसे देताना

कळंगुट-बागाच्या रस्त्यावर, चर्चच्या फेस्ताच्या फेरीत (जत्रेत), शुक्रवारच्या बाजारात सात-आठ हजारांचा बूट बाराशेला मिळत असेल तर तपासायची गरजच नाही, तो काय आहे ते किंमत सांगते. घेणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. धोका असतो तो मधल्या किमतीला. चार हजार, पाच हजार, "मित्राने आणला, माप बसलं नाही". इन्स्टाग्रामवरचे विक्रेते याच किमतीत बोलतात. त्यांच्याकडे पाच फोटो मागा: आतलं लेबल, खोक्याचं लेबल, इनसोल काढून आतली शिलाई, मागून टाच, आणि तळ. सोबत आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगा, म्हणजे इंटरनेटवरून उचललेला फोटो चालणार नाही. खरा विकणारा दहा मिनिटांत फोटो पाठवतो. जो "भाऊ, विश्वास ठेवा" म्हणतो आणि इनसोल काढत नाही, त्याला यूपीआयने आगाऊ पैसे पाठवू नका.

फोटो पाहून निकाल देणारी अ‍ॅप आहेत, थोडे पैसे घेतात. वापरा, पण तोच शेवटचा शब्द मानू नका. २०२२ मध्ये नायकेने न्यायालयात सांगितलं की स्टॉकएक्स या अमेरिकेतल्या मोठ्या पुनर्विक्री बाजारातून घेतलेल्या, तपासून खऱ्या ठरवलेल्या जोड्यांपैकी चार नकली निघाल्या. जिथे रोजचं कामच तपासणीचं आहे तिथेही निसटतं.

पार्सल आलं की उघडताना सलग व्हिडिओ काढा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून आतल्या लेबलापर्यंत. बूट घरातल्या फरशीवरच घालून पाहा. तळाला माती लागली की परत घेणारा हात वर करतो.

आणि फसलातच तर गप्प बसू नका. पैसे घेऊन विक्रेता गायब झाला असेल तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवून ठेवण्याची शक्यता जास्त. बूट आला पण नकली निघाला, तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. विक्रेता दिल्लीचा किंवा सुरतेचा असला तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्याच्या गावाला जावं लागत नाही. खोटं व्यापारचिन्ह लावलेला माल विकणं हा १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखाली गुन्हा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. विक्रेत्याशी पहिला निरोप लिहितानाच हे शांतपणे कळवा आणि पैसे परत करायला मुदत द्या. त्याने "ओरिजिनल" असा शब्द लिहिलेली जाहिरात आणि तुमची गप्पांची पानं त्याने पुसायच्या आत स्क्रीनशॉट काढून ठेवा. तक्रारीला लेबलाचा, आतल्या शिलाईचा आणि खोक्याचा फोटो जोडा, यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक लिहा. बूट मात्र कुणाकडे दुरुस्तीला देऊ नका, माझ्याकडेसुद्धा नाही, तक्रार निकाली निघेपर्यंत तो आहे तसाच राहू द्या.